दुतोंड्याची माझी बाजू

॥ श्री ॥

मी खाली सही करणार श्रीमती शालन आप्पासाहेब कळसाईत, वय त्र्याहत्तर, धंदा लोहारकाम, राहणार विश्रांतवाडी, पुणे, असे लिहून ठेवते की, आज माझे डोके ठिकाणावर आहे, डोळ्यांना चष्म्याने दिसते, भट्टीवर जन्म काढूनही कानांना पुरेसे ऐकू येते, आणि हे लिहायला मला कोणी बसवलेले नाही की कोणी भरीला घातलेले नाही. उलट लिहू नको म्हणणारेच जास्त निघाले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आणि शेवटचे समजावे.

हा कागद मी माझ्या हाताने लिहिला आहे. येरवड्याच्या वकीलबाई निशाताई यांनी तो तपासून दिला. त्यांनी आणलेल्या नमुन्यात माझ्या नावापुढे 'गृहिणी' असे होते, ते मी खोडायला लावले. लग्न होऊन या घरात आले आणि दुसऱ्याच आठवड्यात सासऱ्यांनी माझ्या हातात घण दिला. आमच्यात पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरून बसतो आणि बाई उभी राहून घण मारते, याचे बाहेरच्यांना अजून नवल वाटते. दुकानाच्या पाटीवर मात्र 'आप्पासाहेब कळसाईत आणि बंधू' असे होते. त्यात मी कुठल्या अक्षरात बसते ते मला कधी सापडले नाही. निदान या कागदावर तरी माझा धंदा बरोबर लिहिलेला असावा.

निशाताईंनी असेही सुचवले की मृत्युपत्रात मजकूर मोजका असावा, मनातले काही असेल तर ते वेगळ्या कागदावर लिहावे. वेगळा कागद कोणी वाचत नाही. मृत्युपत्र सगळे वाचतात, काहीजण दोनदा. तेव्हा सगळे इथेच लिहिते.

१. हे आत्ताच का लिहिते

मला दोन मुले. थोरला रविराज हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, तिथेच त्याचा फ्लॅट आहे. धाकटी दीपाली नवऱ्याचे घर सोडून माझ्याकडे आली त्याला बरीच वर्षे झाली. ती आणि मी मिळून भट्टी चालवतो. आमची जागा रस्त्याला लागून आहे. एका बिल्डरला ती हवी आहे आणि रविराजला ती बिल्डरला द्यायची आहे. मला ती द्यायची नाही. भट्टी गेली तर दीपालीच्या हातचे काम आणि डोक्यावरचे छप्पर एकाच दिवशी जाईल. बिल्डर बदल्यात देतो म्हणतो ती घरे सातव्या मजल्यावर आहेत. सातव्या मजल्यावर ऐरण मांडून पहिला घाव घातला की खालचे सहाही मजले वर येतील भांडायला, हे मी रविराजला सांगितले. तो म्हणाला, दीपाली दुसरे काहीतरी करील.

या दिवाळीत, भाऊबीजेच्या ताटावर, सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "आई, तुझं डोकं ठिकाणावर नाही. तुझ्या सहीला उद्या कोण विचारणार आहे?"

मी ताट उचलले आणि आत गेले. मला वाईट वाटले असे लोक म्हणतात. वाईट नंतर वाटले. आधी राग आला, तो अजून आहे. ज्या मुलाची इंजिनियरिंगची फी मी घण मारून भरली, त्याने माझ्या डोक्याची अशी किंमत करावी.

२. माझ्या डोक्याबद्दल

दिवाळीनंतरच्या शनिवारी रविराज गाडी घेऊन आला आणि डोळे तपासायला चल म्हणाला. डोळ्यांचा डॉक्टर नाही, डोक्याचा आहे, हे मला एका माणसाने आदल्या दिवशीच फोन करून सांगितले होते. नाव लिहीत नाही. मी गेले. नाही गेले असते तर त्याचाही अर्थ निघालाच असता.

डॉक्टर सभ्य होते. त्यांनी मला घड्याळ काढायला लावले, शंभरातून सात सात वजा करायला लावले, आज वार कोणता ते विचारले. मी शनिवार म्हणाले, आणि शनिवारी आम्ही लोखंड विकत घेत नाही, म्हणून आज मला वेळ आहे, नाहीतर आले नसते, असेही सांगितले. ते हसले. त्यांनी लिहून दिले की काही दोष आढळला नाही, स्मरणशक्ती वयोमानानुसार आहे. घरी येताना रविराज त्यातला 'वयोमानानुसार' एवढाच शब्द वाचत होता. तो कागद त्याच्याकडेच राहिला. मी मागितला तर म्हणाला, स्कॅन करून पाठवतो. अजून आलेला नाही.

म्हणून स्पष्ट लिहिते. मी गेल्यावर रविराज कोर्टात जाऊन म्हणेल की आईला काही कळत नव्हते, दीपालीने तिच्याकडून लिहून घेतले. तो असे म्हणणार नाही, असे मला मनापासून वाटायला हवे होते. तसे वाटत नाही, ही माझ्या आयुष्यातली मोठी नामुष्की आहे.

३. घर आणि भट्टी

विश्रांतवाडी येथील माझ्या मालकीची जागा, म्हणजे रस्त्याकडची भट्टीची शेड, मागच्या दोन खोल्या, मोरी आणि अंगण, ही जागा माझे यजमान आप्पासाहेब यांनी हयातीत नोंदणी केलेल्या बक्षीसपत्राने माझ्या नावे केली. ती सर्व मी माझी मुलगी दीपाली हिला देत आहे. ती त्या जागेची पूर्ण मालक राहील. तिने ती विकावी, भाड्याने द्यावी किंवा चालवावी, तिची मर्जी. मला विचाराल तर चालवावी. रस्ते खोदणाऱ्यांच्या पहारी आणि ब्रेकरच्या छिन्न्या बोथट व्हायच्या थांबत नाहीत, आणि या शहरात एकदा खोदलेला रस्ता पुन्हा खोदल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. काम भरपूर आहे.

रविराजला घर का नाही, तर त्याला आहे. त्याला राग येईल. तो येऊ दे, राग आला म्हणजे माणूस मेला नाही. तो शिकावा म्हणून यजमानांनी त्याला कधी भात्याजवळ बसू दिले नाही आणि दीपालीला कधी उठू दिले नाही. याचा हिशोब मी यजमानांपाशी मांडायला हवा होता. ते करोनात गेले, मांडायचे राहिले.

४. दागिने आणि ठेव

माझ्या दोन पाटल्या सून श्रद्धा हिला द्याव्यात. कारण लिहिण्याची गरज नाही. मंगळसूत्र दीपालीला द्यावे. ते तिने मोडून नवा ब्लोअर घेतला तरी मला चालेल, कारण आत्ताच्या ब्लोअरचा आवाज मला यापुढे ऐकवत नाही. बँकेतील ठेव दोघा मुलांना निम्मी निम्मी. यजमानांचे घड्याळ रविराजला. ते बंद आहे. चालू करून घ्यायचे की नाही ते त्याने ठरवावे.

५. हत्यारे

ऐरण, तीन घण, हातोड्या, सांडशा, छिन्न्या, जुना चामड्याचा भाता आणि पाण्याचे दगडी कुंड, ही सर्व दीपालीची. त्यातल्या ऐरणीबद्दल दोन शब्द लिहिते.

ही ऐरण सासऱ्यांच्या वडिलांची. चौकोनी, शिंग नाही, नक्षी नाही, कोणाचे नाव नाही. बाभळीच्या ओंडक्यात बसवली आहे आणि ओंडका जमिनीत पुरला आहे. तिच्यावर घाव घातला की ती घण परत वर देते. दिवसभर घण मारणाऱ्या बाईला याची किंमत कळते, कारण अर्धे उचलायचे काम ऐरण करते. तिच्यावर बसू नये, तिच्यावर चहाचा कप ठेवू नये, तिला रंग देऊ नये. खंडेनवमीला तिची पूजा करावी आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्याकडून काम घ्यावे. ज्या ऐरणीवर नुसती फुले पडतात ती गंजते.

हे लिहायचे कारण असे की रविराजला या ऐरणीत काडीचा रस नाही. त्याला रस आहे तो दुतोंड्यात.

६. दुतोंड्या

दुतोंड्या म्हणजे काय ते वाचणाऱ्याला कळावे म्हणून सांगते. सासऱ्यांनी कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थांच्या गॅरेजातून एक विलायती यंत्र आणले होते. पुढून पाहिले तर तो शेगडा, म्हणजे हल्लीची पोरे ज्याला व्हाइस म्हणतात तो. जबड्यात लोखंड धरायचे आणि दांडी फिरवून आवळायचे. मागून पाहिले तर ती छोटी ऐरण, मागे निमुळते शिंग आलेली. एकाच अंगाला दोन्ही. अंगावर उठावाची इंग्रजी अक्षरे, घासून निम्मी गेलेली. सासऱ्यांना ते फार आवडले. त्यांनीच त्याला दुतोंड्या नाव ठेवले.

माझे त्याच्याबद्दलचे मत पहिल्या दिवसापासून एकच आहे. धड ना शेगडा, धड ना ऐरण. ते बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे आहे. बीड घाव परत देत नाही, गिळते, आणि गिळता गिळता एक दिवस फुटते. आमच्या जुन्या शेगड्याचा पाय थेट जमिनीत जातो, त्यामुळे वरचा मार जमीन घेते. दुतोंड्या टेबलावर बसून मार स्वतःच्या अंगावर घेतो. साहेबाने ते कुंपणाच्या तारा वाकवायला आणि मोटारीचे बोल्ट सोडवायला केले असावे, त्या कामाला ते ठीक आहे. लोहाराच्या घरात त्याचे काम नव्हते. पण सुनेचे मत विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

सासरे गेल्यावर वाटणी झाली. आमच्या घराण्यात वाटणीचा रिवाज आहे: ऐरण थोरल्याची, शेगडा धाकट्याचा. रिवाज मूर्खपणाचा नाही. ऐरणवाल्याला कानस मारायला भावाच्या शेगड्याकडे जावे लागते, शेगडेवाल्याला ठोकायला भावाच्या ऐरणीकडे यावे लागते. चुली वेगळ्या झाल्या तरी जाणेयेणे सुटत नाही. त्याप्रमाणे जुनी ऐरण माझ्या यजमानांना आली आणि जुना शेगडा माझे दीर पोपट यांना गेला. इथपर्यंत सगळे गोडीत झाले. मग दुतोंड्याची पाळी आली. यजमान म्हणाले, यावर ऐरण आहे, ही माझी. दीर म्हणाले, यावर शेगडा आहे, हा माझा. ज्याला दुतोंड्या मिळेल त्याच्याकडे दोन्ही होणार आणि त्याला भावाची गरज उरणार नाही, हे दोघांना पुरते कळत होते. म्हणूनच कोणी सोडेना.

भावकीतले जाणते दोन दिवस जेवून गेले. शेवटी त्यांनी निवाडा दिला तो असा: दुतोंड्या आहे तिथेच राहील, शेडच्या मध्ये भिंत घालावी, आणि भिंतीत दुतोंड्यापुरते भोक ठेवावे. ऐरणीचे अंग थोरल्याच्या बाजूला, जबड्याचे अंग धाकट्याच्या बाजूला. दोघांना पटले. मला हसू आले म्हणून सासूबाईंनी माझ्याकडे डोळे वटारले. गवंड्याने त्याच्याभोवती विटा रचल्या, तोही हसत होता. ती भिंत आज आहे, भोक आहे, आणि दुतोंड्या इतकी वर्षे त्या भोकात अडकलेला आहे.

व्हायचे तेच झाले. आम्ही इकडून ठोकले की तिकडे जबड्यातली वस्तू हलायची. तिकडून दांडी आवळली की इकडे हादरा यायचा. पोपटभाऊजी भोकातून ओरडायचे, यजमान भोकातून उत्तर द्यायचे. पण एवढ्यावर तुटले नव्हते. तुटले ते शिंगाने.

एका ठेकेदाराची जाड सळई वाकवायची होती. आमच्या ऐरणीला शिंग नाही, म्हणून यजमानांनी ती दुतोंड्याच्या शिंगावर धरली आणि मला घण मार म्हणाले. मी म्हणाले, हे बीड आहे, याला घण सोसणार नाही. ते म्हणाले, मार. मी हलका मारला. ते म्हणाले, जेवली नाहीस का? मग मी मारला. शिंगाचे टोक तुटून माझ्या पायाशी पडले. पलीकडे पोपटभाऊजींनी जबड्यात कुलूप धरले होते, ते उसळले आणि कानस त्यांच्या बोटात गेली. ते रक्ताचा हात घेऊन आमच्या दारात आले आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असे म्हणाले की बाईच्या हातात घण दिला की बापाची चीज अशी फुटते.

यजमान माझ्या शेजारी उभे होते. 'मी मारायला सांगितले', एवढे तीन शब्द त्यांनी बोलायचे होते. ते सांडशी पुसत राहिले. मला पोपटभाऊजींचा राग आला असे सगळे समजतात, आणि तो आलाही. पण खरा राग मला त्या गप्प बसलेल्या माणसाचा आला. त्यांच्याबरोबर मी पुढे संसार केला, त्यांच्यासाठी घण मारला, शेवटच्या आजारात त्यांचे सगळे केले, आणि तो राग जसा होता तसा राहिला. आता त्यांना बोलता येत नाही म्हणून मी लिहिते: शिंग माझ्यामुळे तुटले नाही.

त्या दिवसापासून पोपटभाऊजी आणि मी बोललो नाही. भिंतीपलीकडे त्यांचे काम चालू, अलीकडे आमचे. मी पेठेतल्या माहेराहून आलेली, म्हणून ते मला पूर्वी 'पेठेतल्या बाई' म्हणून चिडवत. तेही बंद झाले. काही निरोप असेल तर ते दुतोंड्याला सांगत, पलीकडच्यांना म्हणावं धूर फार होतोय. मीही दुतोंड्यालाच उत्तर देई. खंडेनवमीला ते त्यांच्या बाजूला हळदकुंकू वाहत, मी माझ्या. यजमान गेले तेव्हा पलीकडची बाजू तेरा दिवस बंद होती. भेटायला मात्र ते आले नाहीत. याचाही मला राग आहे, आणि तो कोणत्या कलमात लिहायचा ते न कळल्याने इथेच लिहिते.

रविराजने मोबाईलवर दुतोंड्याचे फोटो टाकले तेव्हा कोणीतरी परदेशातून लिहिले की अशी वस्तू आता मिळत नाही. तेव्हापासून तो त्याला व्हिंटेज म्हणतो. तो त्याला हिंजवडीच्या हॉलमध्ये सोफ्याशेजारी ठेवणार, वरून पिवळा दिवा सोडणार, आणि पाहुण्यांना सांगणार की आमचं घराणं लोहारांचं. तुटलेले शिंग त्याला जास्तच आवडते. म्हणतो, त्याला कॅरेक्टर आहे. मी त्याला विचारले, शेजारची ऐरण शंभर वर्षे चालते आहे ती नको आणि हे मोडके हवे? तो म्हणाला, ऐरण नुसता ठोकळा दिसते.

या कलमाचा पहिला मसुदा असा होता: 'दुतोंड्यातील माझी बाजू, म्हणजे ऐरणीचे अंग व तुटके शिंग, मी माझे दीर पोपट रंगनाथ कळसाईत यांस देत आहे, म्हणजे ती वस्तू एका मालकाची होईल आणि हा तमाशा संपेल.' हे मी प्रेमाने लिहिले नव्हते. कंटाळून लिहिले होते. रविराजला ती मिळू नये हा दुसरा हेतू होता.

ही वाटणी का बदलली ते आता सांगते.

७. साक्षीदाराबद्दल

निशाताई म्हणाल्या, कागद चांगला आहे, आता साक्षीदार दोन हवेत. एक डॉक्टर असावा, आणि दुसरा असा असावा की ज्याला तुमच्या मुलाचा वकील तुमचा माणूस म्हणू शकणार नाही. शेजारपाजारचे सगळे माझ्याकडून पहारीला पाणी देऊन, म्हणजे टोक कडक करून नेणारे. नात्यातले सगळे रविराजच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. मी रात्रभर नाही, पण दोन दिवस तरी विचार केला. 'हा माझा माणूस नाही' असे ज्याच्याबद्दल शपथेवर सांगता येईल असा या विश्रांतवाडीत एकच माणूस निघाला, आणि तो भिंतीपलीकडे होता.

निशाताईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, मग त्यांना काही देऊ नका. कायदा अडवतो असे नाही, पण ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याच्याच साक्षीवर कोर्टात पहिले बोट ठेवले जाते. म्हणजे पोपटभाऊजींना दुतोंड्या द्यायचा किंवा त्यांची सही घ्यायची. दोन्ही होणार नाही.

दुपारी दीपाली कोळसा आणायला गेली होती. मी भोकाशी स्टूल ओढून बसले. पलीकडे ते जबड्यात विळा धरून कानस मारत होते. मी दुतोंड्याला नाही, त्यांना हाक मारली. कानस थांबली. मी त्यांना कलम सहा वाचून दाखवले, मग निशाताईंचे म्हणणे सांगितले, आणि भाऊबीजेला रविराज काय बोलला तेही सांगितले. हे शेवटचे सांगताना माझा आवाज फिरला, ते मला आवडले नाही. दुतोंड्यासाठी या माणसाने सख्खा भाऊ सोडला होता. आज दुतोंड्या त्यांना फुकट मिळत होता, नुसते सहीला नाही म्हणायचे होते.

बराच वेळ त्यांची दांडी सैल-घट्ट, सैल-घट्ट होत राहिली. मग त्यांनी विचारले, "भट्टी दीपालीच्या नावानं ऱ्हाणार का?"

मी म्हणाले, "सही झाली तर राहील."

"मग माझं नाव खोडा त्यातनं. सही करतो मी."

मी विचारले, "आणि दुतोंड्या?"

"ऱ्हाऊ द्या की. त्याला कोन इचारतंय."

मग ते पुन्हा कानस मारू लागले. इतक्या वर्षांच्या भांडणाचा निकाल त्यांनी विळ्याची धार न सोडता लावला. मला आनंद व्हायला हवा होता. मला संतापच आला. हेच त्यांनी त्या दिवशी जाणत्यांसमोर म्हटले असते तर भिंत झाली नसती, आणि मला चाळीस वर्षे एका भोकाशी बोलावे लागले नसते. तसे मी म्हणाले नाही. उद्या सही हवी होती.

८. कलम सहाची नवी वाटणी

दुतोंड्यातील माझी बाजू मी रविराजला देत आहे. हे वाचून तो चकित होईल. त्याने पुढचेही वाचावे.

त्याला फक्त ऐरणीचे अंग मिळते. जबडा त्याच्या काकांचा आहे, तो त्यांच्याकडे मागावा लागेल. भिंत दीपालीच्या आणि काकांच्या सामाईक मालकीची आहे, ती फोडायला दोघांना विचारावे लागेल. विटा त्याने स्वतःच्या हाताने काढाव्यात, माणूस लावू नये. काढताना दीपालीने एका बाजूने आणि काकांनी दुसऱ्या बाजूने यंत्र धरावे, नाहीतर ते पायावर पडेल. एवढे करून तो त्याला हिंजवडीला नेऊ शकला तर खुशाल न्यावे आणि हवा तेवढा दिवा सोडावा. यातले काही न करता नुसता कोर्टात गेला, तर दुतोंड्या आहे तिथेच राहील.

भिंत फुटल्यावर पुन्हा बांधायची की नाही ते दीपाली आणि काका ठरवतील. मी सांगणार नाही. माझे कोणी ऐकले असते तर ती बांधलीच गेली नसती.

९. बाकीचे

माझ्या मागे तेराव्याला लाडू करू नयेत, मला ते आवडत नाहीत आणि खाणाऱ्यांनाही आवडत नाहीत, फक्त कोणी बोलत नाही. रविराजने कोणासमोर इंग्रजीत माझ्याबद्दल भाषण करू नये. मी खंबीर होते वगैरे म्हणू नये. मी दमलेली होते. दहावा होईपर्यंत भट्टी बंद ठेवावी, त्यानंतर एक दिवसही नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे गेले की परत येत नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी निशाताईंनी करावी. त्यांनी ते मान्य केले आहे, आणि यातली अर्धी कलमे मला गाळायला सांगूनही मी गाळली नाहीत, याची त्यांनी साक्ष द्यावी.

रविराज, तू हे वाचशील तेव्हा चिडशील. मी तुझ्यावर चिडूनच लिहिले आहे, तेव्हा फिटंफाट झाली. पण माझे डोके ठिकाणावर नाही असे तू म्हणालास, त्याची फिटंफाट होत नाही. ते मागे घ्यायला तुला वेळ आहे. मी अजून आहे, हा कागद कपाटात आहे, आणि विश्रांतवाडी हिंजवडीपासून लांब असली तरी तेवढी लांब नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो माझ्या मनाप्रमाणे आहे म्हणून दोन साक्षीदारांसमक्ष त्यावर सही करते.

ठिकाण: विश्रांतवाडी, पुणे
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५

(सही)
शालन आप्पासाहेब कळसाईत

साक्षीदार

१. डॉ. पियुष, वैद्यकीय व्यवसाय, विश्रांतवाडी. श्रीमती कळसाईत यांना मी आज तपासले. त्या पूर्ण भानावर असून मजकूर समजून, माझ्या समक्ष त्यांनी सही केली.

(सही)

२. पोपट रंगनाथ कळसाईत, धंदा लोहारकाम, राहणार विश्रांतवाडी. वकीलबाई म्हणाल्या नुसती सही करा, पण मला दोन ओळी लिहायच्या हायेत. मला या कागदात काही मिळत न्हाय. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. यांचं माझं कधी पटलं न्हाय. यांचं डोकं ठिकाणावर हाय. पहिल्यापासून हाय, तीच तर आम्हा सगळ्यांची अडचण हाय.

(सही)